एका घरात दोन चुली

शास्त्रपाठ : मार्क १०:१७–२२, १ करिंथ ७:१२–१६



आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत, घरातील सर्व माणसांनी एकाच दिवशी प्रभूचा स्वीकार केला, असे घर क्वचितच आढळेल. कोठे नवरा उपासनेला येतो, तर बायको घरी कुळदैवतापुढे नारळ फोडते. कोठे थोरला भाऊ विश्वासी, तर धाकटा त्याच्या पंक्तीला बसत नाही. अशा घरात विश्वासी माणसाच्या मनाला रात्रंदिवस एकच इच्छा लागून राहते : माझे माणूस माझ्याबरोबर प्रभूकडे यावे. आजच्या पाठात आपण या इच्छेचाच विचार करू.

१. इच्छा पापमय आहे काय?

पुष्कळांना वाटते की, धार्मिक मनुष्याने सर्व इच्छा मारून टाकाव्या. शास्त्र असे शिकवीत नाही. ज्या प्रभूने यरुशलेमेसाठी अश्रू ढाळले, त्याच्या अंतःकरणात इच्छा नव्हती असे कोण म्हणेल? परंतु मार्काच्या दहाव्या अध्यायातील धनवान मनुष्याची गोष्ट नीट वाचा. प्रभूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली. त्याने आपल्यामागे यावे अशी प्रभूची इच्छा होती, व ती त्याने त्याला उघड सांगितली. तो मनुष्य खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा प्रभूने त्याचा हात धरून ठेवला नाही. अट सौम्य करून त्याला फसविलेही नाही. खऱ्या प्रीतीची ही दोन लक्षणे ध्यानात ठेवा : ती सत्य बोलते, आणि दुसऱ्याला मोकळे ठेवते.

२. आपल्याच प्रांतातील एक उदाहरण

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पदे आपण नेहमी गातो. त्यांचे लग्न लक्ष्मीबाईंशी १८८० साली झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी पत्नी त्यांच्याजवळ नव्हती. निश्चय पतीचा होता. त्याचे दुःख मात्र तिच्या पदरी आले. मुलगा लहान, नातलग संतप्त, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लक्ष्मीबाईंनी या वियोगाचा काही काळ पंढरपुरास काढला. टिळकांच्या थोरवीमुळे हे दुःख आपण लहान करून सांगू नये. लक्ष्मीबाईंनीही ते लहान करून सांगितलेले नाही.

काही वर्षांनी दोघे अहमदनगरास पुन्हा एकत्र आली. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळे पाळणारी. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका संसारात जणू दोन चुली पेटल्या. पत्नीने ख्रिस्ती व्हावे, ही टिळकांची इच्छा काही लपून राहिली नव्हती. तरी तिची चूल त्यांनी मोडली नाही. लक्ष्मीबाई पाहत होत्या, भांडत होत्या, विचार करीत होत्या. शेवटी जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच मनाला विचारला. तो माणसानेच केला, असा त्यांचा निर्णय झाला, आणि कोणाच्याही हातचे खाण्याचे त्यांनी ठरविले. पुढे १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांचा स्वतःचा होता. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची ती सावली नव्हती.

याचे फळ कसे आले ते पाहा. १९१९ साली टिळक प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्याचा पुष्कळ मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून ते पुरे केले. जिला बळाने ओढून आणले असते, तिच्या हातून हे काव्य झाले असते काय?

३. सत्यावाचून प्रीती नाही

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मवृत्त १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी पतीचा तापटपणा व विसराळूपणा लपविला नाही, आणि आपले हट्टही झाकले नाहीत. तरीही ते पुस्तक वाचून टिळकांविषयीचा आदर कमी न होता वाढतोच. आपण मात्र पुष्कळदा भिऊन खोटी शांती राखतो. पाळकासमोर नवराबायको हसतमुख, आणि घरी गेल्यावर आठ आठ दिवस अबोला! जेथे माणूस आपल्या माणसाशी खरे बोलत नाही, तेथे तो देवाशी तरी खरे कसे बोलेल?

४. स्वतःविषयी थोडेसे

हे मी दुसऱ्यांस शिकवितो, पण शिकलो उशिरा. माझा वडील बंधू मंडळीबाहेर होता. त्याच्या घरी मी वारंवार जाई, आणि प्रत्येक खेपेस बोलणे फिरवून धर्मावर आणी. एके दिवशी बैलांना पाणी पाजता पाजता तो म्हणाला, “तू मला भेटायला येतोस, की मला न्यायला येतोस? एकदा नुसता भेटायला ये.” मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन प्रार्थनेस बसलो, तेव्हा कळले की माझ्या इच्छेत प्रीती थोडी व अभिमान फार होता. उपदेशकाचाच भाऊ बाहेर, हे लोकांच्या तोंडी येते, याचीच मला लाज वाटत होती. त्यानंतर मी नुसता भेटायला जाऊ लागलो. तो मंडळीत आला नाही. पण त्याच्या अखेरच्या आजारात त्याने मलाच उशाशी बसविले, आणि आपण होऊन म्हणाला, “आता तुझी प्रार्थना कर.” त्याचे पुढे काय, ते देव जाणे. मी तेथे होतो, एवढे मला पुरे आहे.

५. पाठाचा उपयोग

पौल करिंथकरांस आज्ञा करितो की, विश्वास न ठेवणारी पत्नी आपल्या पतीजवळ नांदावयास राजी असेल, तर त्याने तिला सोडू नये; विश्वास न ठेवणाऱ्या पतीविषयीही त्याची आज्ञा तीच आहे. मग तो विचारितो की, तू आपल्या माणसाला तारशील की नाही, हे तुला काय ठाऊक? यावरून समजावे की तारण देवाचे काम आहे. सोबत करणे, खरे बोलणे व वाट पाहणे हे आपले काम. ज्या घरी आज दोन चुली आहेत, त्या घरच्या विश्वासी माणसाने दुसरी चूल फुंकर मारून विझवू नये, तिच्यापाशीही बसावे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. धनवान मनुष्य निघून गेला, तेव्हा प्रभूने त्याला का अडविले नाही?
२. आपल्या माणसाच्या तारणाची इच्छा आणि आपल्या नावलौकिकाची इच्छा यांतील भेद कसा ओळखावा?
३. या आठवड्यात काही एक मागणे न मागता, नुसते भेटावयास आपण कोणाकडे जाल?