यादी एकदाच लिहा, लिंक्स स्क्रिप्ट तयार करेल



गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी सकाळपासून गप्प गप्पच होती. मधल्या सुट्टीत तिची आई आली. म्हणाली, "मॅडम, काल रात्री लई रडली ही. तुमचा अपूर्णांकाचा व्हिडिओ उघडेचना. माझंच काहीतरी चुकतंय म्हणत बसली. तिच्या पप्पांनी त्याच्यासाठी रिचार्ज मारला होता."

मी लगेच मोबाईल काढून पाहिलं. मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. शाळेच्या मुख्य पानावर, गणिताच्या पानावर आणि चौथीच्या पानावर अशी तीच लिंक मी तीन ठिकाणी हाताने टाकली होती. व्हिडिओचा पत्ता बदलला तेव्हा दोन ठिकाणी दुरुस्ती केली, तिसरं ठिकाण राहून गेलं. तिने नेमकं तेच पान उघडलं.

एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली की कधी ना कधी त्यात फरक पडणारच. यावर उपाय म्हणजे लिंक्सची यादी एकाच जागी ठेवायची आणि पानावर लिंक्स मांडायचं काम जावास्क्रिप्टवर सोपवायचं. मी डीएड केलेली साधी शिक्षिका आहे, संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. तरी हे मला जमलं, तुम्हालाही जमेल.

लिंक म्हणजे नेमकं काय?

वेबपान एचटीएमएल भाषेत लिहिलेलं असतं. त्यात लिंकसाठी 'ए' नावाचा टॅग असतो. हा 'ए' म्हणजे 'अँकर', आपल्या भाषेत नांगर. लिंकचे दोन भाग लक्षात ठेवा. एक म्हणजे वाचकाला दिसणारा मजकूर, उदा. 'अपूर्णांकांची ओळख'. दुसरा म्हणजे न दिसणारा पत्ता. हा पत्ता 'एचरेफ' या गुणधर्मात लिहितात. पाकिटावर पत्ता असतो आणि आत पत्र, तसंच हे.

स्क्रिप्ट काय करते?

ब्राउझर पान वाचताना त्याची एक वंशावळ तयार करतो. पानाच्या पोटात विभाग, विभागाच्या पोटात यादी, यादीच्या पोटात एकेक ओळ. या रचनेला 'डॉम' म्हणतात. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप ब्राउझरसाठी तयार केलेली जावास्क्रिप्ट ही भाषा या वंशावळीत नवीन सदस्य जोडू शकते. म्हणजे पान उघडल्यावर, वाचकाच्या मोबाईलमध्येच, नवीन लिंक जन्माला येते.

हजेरीपट आठवा. मुलाचं नाव आपण हजेरीपटात एकदाच लिहितो. रोज हजेरी घेताना, सहलीची यादी करताना त्यातूनच नावं घेतो. आपली लिंक्सची यादी हा हजेरीपट आणि स्क्रिप्ट म्हणजे त्यातून नावं वाचणारा मॉनिटर!

चला, पायरी पायरीने पाहूया

आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात. इथे त्या कशा वाचायच्या आणि कशासाठी आहेत, ते सांगते.

१. यादी तयार करा. एक वेगळी फाइल बनवा. त्यात प्रत्येक लिंकची एक नोंद करा. नोंदीत तीन गोष्टी: नाव, पत्ता आणि इयत्ता. अशा नोंदींच्या रांगेला 'अ‍ॅरे' म्हणतात. हीच फाइल तिन्ही पानांना 'स्क्रिप्ट' टॅगने जोडा.

२. रिकामी जागा ठेवा. पानावर जिथे लिंक्स हव्यात तिथे एक रिकामी यादी ठेवा आणि तिला ओळखीसाठी एक 'आयडी' द्या. वर्गात नव्या मुलासाठी बाक मोकळा ठेवतो ना, तसंच.

३. ती जागा शोधा. 'गेट एलिमेंट बाय आयडी' ही आज्ञा त्या आयडीवरून रिकामी यादी शोधून देते.

४. एकेक नोंद घ्या. 'फॉर' लूप लावला की स्क्रिप्ट पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत जाते. चौथीच्याच लिंक्स हव्या असतील तर 'इफ' लावून इयत्ता तपासा. एकाच यादीतून प्रत्येक इयत्तेचं पान तयार होतं.

५. लिंक घडवा. 'क्रिएट एलिमेंट' या आज्ञेने यादीची एक ओळ आणि एक 'ए' टॅग बनवा. 'एचरेफ'मध्ये पत्ता भरा, 'टेक्स्ट कंटेंट'मध्ये नाव भरा.

६. जागेवर बसवा. 'अपेंड चाइल्ड' या आज्ञेने लिंक ओळीत आणि ओळ यादीत जोडा. ही पायरी विसरलात तर लिंक तयार होते, पण दिसत नाही. मुलगा शाळेत आला, पण वर्गात बसलाच नाही असं होतं ते!

झालं. आता पत्ता बदलला तर यादीत एकदाच बदलायचा. तिन्ही पानं आपोआप नवीन पत्ता घेतात.

माझ्याकडून झालेल्या चुका

• स्क्रिप्ट पानाच्या सुरुवातीला टाकली. तेव्हा रिकामी यादी अजून तयारच नव्हती, त्यामुळे स्क्रिप्टला ती सापडली नाही. स्क्रिप्ट पानाच्या शेवटी टाकल्यावर चाललं.

• पत्त्याच्या सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' लिहायचं राहिलं. मग ब्राउझर तो पत्ता आपल्याच साइटवर शोधू लागला आणि 'पान सापडलं नाही' असं सांगू लागला.

• मोबाईलवर टाइप केल्याने अवतरणचिन्हं वाकडी, नक्षीदार आली. जावास्क्रिप्टला साधी सरळ चिन्हंच चालतात. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरकही तिला कळतो. यादीतलं असं एकच चिन्ह चुकलं तरी सगळ्या लिंक्स गायब होतात. घाबरू नका. संगणकावर क्रोममध्ये पानावर उजवं क्लिक करा, 'इन्स्पेक्ट' निवडा आणि 'कन्सोल' उघडा. चूक कोणत्या ओळीत आहे ते लाल अक्षरांत दिसतं.

दोन गोष्टींची काळजी घ्या

पहिली सुरक्षिततेची. 'टेक्स्ट कंटेंट'ऐवजी 'इनर एचटीएमएल' वापरूनही लिंक टाकता येते. पण त्यात दिलेला मजकूर ब्राउझर टॅग म्हणून वाचतो. पालकांनी किंवा इतर कुणी फॉर्ममधून पाठवलेली नावं तशीच टाकली आणि त्यात कुणी खोडसाळपणे कोड घातलेला असेल, तर तो मुलांच्या मोबाईलवर चालू शकतो. 'टेक्स्ट कंटेंट'मध्ये मात्र सगळं साधी अक्षरं म्हणूनच दिसतं. बाहेरून आलेला पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होतो का, तेही तपासा आणि एकदा स्वतः उघडून पाहा.

दुसरी लिंकच्या नावाची. 'येथे क्लिक करा' असं नाव देऊ नका. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरवर पानातल्या फक्त लिंक्सची यादी ऐकू शकते. तिला दहा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू आलं तर काय कळणार? 'चौथी गणित: अपूर्णांकांची ओळख, व्हिडिओ' असं नाव दिलं की सगळ्यांनाच सोपं जातं. आपल्या छोट्या दोस्तांनाही!

स्क्रिप्ट काय करत नाही?

आपल्या या स्क्रिप्टला यादीतला पत्ता जिवंत आहे की बंद पडला, हे कळत नाही. ती यादीत असेल ते पानावर मांडते, बस्स. म्हणून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी यादीतली प्रत्येक लिंक उघडून पाहते. यादी एकच असल्यामुळे आता हे काम आटोक्यात आहे. शिवाय ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद असेल तर लिंक्स दिसणार नाहीत. म्हणून त्या आठवड्याच्या अगदी गरजेच्या दोन लिंक्स मी 'नोस्क्रिप्ट' टॅगमध्ये साध्या पद्धतीनेही ठेवते. त्या मात्र हाताने बदलाव्या लागतात, म्हणून दोनच.

त्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी वर्गासमोर सांगितलं, "बाळा, तुझं काही चुकलं नव्हतं. पत्ता चुकीचा होता आणि तो मी लिहिला होता." मग सगळ्या मुलांना सांगितलं की लिंक उघडली नाही तर रडायचं नाही, मला येऊन सांगायचं. आता ती मुलगीच आमच्या वर्गाची 'लिंक तपासनीस' आहे. बंद पडलेली लिंक सापडली की सकाळी धावत येते, "मॅडम, सात नंबरची उघडत नाही!"

पालकहो, तुमचं मूल मोबाईल हातात घेऊन 'मला जमत नाही' म्हणालं, तर एकदा पत्ताच चुकलाय का ते बघा आणि शिक्षकांना कळवा. आणि शिक्षक मित्रांनो, सुरुवात पाच लिंक्सच्या छोट्या यादीने करा. जमलं की नक्की सांगा.