शिदोरी हलकी, पाणी भारी

शिर्डीच्या पालखीच्या जेवण कमिटीची वही यंदा तुझ्याकडे आली म्हणे. छान झालं. आता दार लोटून घे आणि नीट ऐक, कारण यातलं निम्मं मी मंडळाच्या मीटिंगमध्ये काकांसमोर बोलणार नाही.

पहिल्याच मीटिंगला मेनूवरून भांडण लागेल. कुणाला पहिल्या रात्री श्रीखंड-पुरी हवी असेल, कुणाला सिन्नरला पुरणपोळी. तू हसून हो म्हण आणि वहीत एक अक्षर लिहू नकोस. मेनू सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी रस्ता लिहून काढ. लालबाग-परळहून ठाणे, मग भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, तिथून उजवीकडे वळून सिन्नर, पुढे पांगरी, वावी, पाथरे आणि शिर्डी. सव्वादोनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. प्रत्येक मुक्कामापुढे तीनच गोष्टी लिही: पाणी कुठलं, चूल कुठे मांडायची, बायकांना आंघोळीला आडोसा आहे का. शाळेच्या पटांगणात उतरणार असाल तर मुख्याध्यापकांची परवानगी कागदावर घे. फोनवरचं ‘या की’ रात्री नऊ वाजता कुलूप उघडत नाही.

आपली पालखी ज्या उत्सवाला पोचते, तो शिर्डीत १८९७ साली गोपाळराव गुंडांनी उरूस म्हणून सुरू केला, पुढे तो रामनवमीचा झाला. तिथी पंचांगाची, त्यामुळे पालखी कितीही वेळा निघो, निघणार ती चैत्राच्या उन्हातच. डांबर तापलेलं, झाड लांब. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की लोक भुकेची तयारी करतात, आणि रस्ता मारतो तो तहानेने.

भूक भागवायला वाटेवर सगळं जग उभं असतं गं. ठाणं सोडलं की कुणी कलिंगडाच्या फोडी घेऊन उभं, कुणी ताक, कुणी पोह्यांचं पातेलं, कुणी वडापाव. ‘साईराम, घ्या हो’ म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? दुपारी बारा वाजता आपली माणसं गळ्यापर्यंत भरून तळावर येतात आणि तुझा भाताचा टोप तसाच. म्हणून दुपारचं जेवण माणसांच्या दोन तृतीयांशच धर. रात्रीचं मात्र पुरेपूर, कारण रात्री रस्त्यावर कुणी देत नाही आणि पाय दुखत असले की माणूस जास्त जेवतो.

पाण्याला हा हिशेब लावू नकोस. पायी चालणाऱ्या माणसाला या उन्हात दिवसाला पाचेक लिटर नुसतं प्यायला लागतं. शंभर माणसं म्हणजे पाचशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंचवीस जार, रोज. स्वयंपाक, भांडी आणि आंघोळ याच्या बाहेर, त्याला वेगळा टँकर. आकडा ऐकून खजिनदारांच्या कपाळावर आठ्या पडतील, पडू देत. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ‘बर्निंग मॅन’ म्हणून मेळा भरतो. आठवडाभर हजारो लोक तंबू ठोकून राहतात, तिथे बर्फ सोडला तर खायचं-प्यायचं काही विकत मिळत नाही. त्यांचाही नियम जवळपास असाच, माणशी दिवसाला साडेपाच लिटरच्या वर पाणी आपलं आपण आणायचं. तिथे ऐनवेळी कुणी ताक घेऊन उभं राहण्याचा भरवसा नाही, म्हणून ते आधी पाणी मोजतात. आपण आधी श्रीखंड मोजतो.

आणि ‘वाटेत भरून घेऊ’ या भरवशावर अजिबात राहू नकोस. शहापूर तालुका आठव. तानसा धरण तिथलं, भातसाही तिथलंच. तानसाचं पाणी १८९२ पासून आपल्या मुंबईला येतंय, आणि आज मुंबईच्या पाण्यात सगळ्यात मोठा वाटा भातसाचा. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत बसतात. आपण चाळीत सकाळी नळ सोडतो ते त्यांच्या डोंगरातलं पाणी. मग आपल्या शंभर माणसांनी जाऊन त्यांच्या विहिरीला बादल्या लावायच्या? मला ते पटत नाही. त्या टप्प्यात टँकर आपलाच. घाट चढला की वाटतं आता इगतपुरी, पावसाचं गाव. पण पाऊस आषाढात, आपण चैत्रात. आणि सिन्नरच्या पुढे तर पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो, तिथे शेवटचे दोन दिवस जार मोजूनच वाटायचे.

पाण्याबरोबर मीठ-साखर. एक लिटर पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे मोजमाप पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टेम्पोच्या फाळक्याला टांग. अंदाजाने कुणी मूठभर मीठ टाकलं तर उपायापेक्षा अपाय जास्त. लिंबं, कोकमाचं आगळ, गूळ-शेंगदाणे हातालगतच्या पेटीत ठेव, धान्याच्या पोत्यांखाली नको.

आता किराणा. शंभर माणसांना साधारण धर: पोहे आठ किलो, खिचडीला तांदूळ नऊ किलो आणि डाळ चार किलो, शंभर कप चहाला पाच लिटर दूध, सव्वा किलो साखर, पाव किलोच्या थोडी वर पावडर. दूध मुंबईहून न्यायचं नाही, रोज मुक्कामाच्या गावात आदल्या दिवशी फोन करून ठेवायचं, आणि एक डबा दूध पावडरीचा अडीअडचणीला. मसाल्याचं मात्र आधीच बघ. पालखीचे दिवस म्हणजे लालबागला वर्षाच्या मसाल्याची झुंबड, कांडपावर बायकांच्या रांगा. शेवटच्या आठवड्यात तुझं पाच किलो कोण दळून देणार? फेब्रुवारीतच मिरची घेऊन टाक. कोरडा चिवडा लालबागच्या चिवडा गल्लीतून निघायच्या आदल्या संध्याकाळी. भाजी दादरच्या मंडईतून पहाटे, पण तिकडे गेल्यावर मेथी-पालकाच्या जुड्यांवर भुलू नकोस. लाल भोपळा, दुधी, कोबी, बटाटा, कांदा, बस. पालेभाजी भिवंडीपर्यंतच मान टाकते.

सगळा तांदूळ इथूनच लादून घाट चढवू नकोस. घोटी भाताची बाजारपेठ आहे, पुढच्या अर्ध्या प्रवासाचा तांदूळ तिथे घे. टेम्पो हलका राहतो आणि परतताना तीन पोती परत आणायची नामुष्की टळते.

पोळ्यांचा हट्ट कुणी धरला तर तिथेच मोडून काढ. शंभर माणसांच्या पोळ्या म्हणजे सहा बायका तीन तास शेगडीपुढे, आणि त्या सहा बायकाही पायी चालायलाच आल्या आहेत. एका रात्री पुऱ्या कर, एका रात्री वाटेतल्या गावात एखाद्या बचत गटाला भाकऱ्यांची ऑर्डर दे. आपल्याला गरम भाकरी, त्यांना चार पैसे. बाकी दिवस खिचडी, मसालेभात, पिठलं-भात, आमटी. सोबत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं. ओल्या नारळाला हात लावायचा नाही, सुकं खोबरं वापर. प्रवासात एक तरी गुरुवार येतोच आणि निम्मी पालखी उपास धरते. साबुदाणा रात्रभर भिजत घालून टेम्पोत हिंदकळत न्यायचा की काय? वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, भिजवायची भानगड नाही.

एका बाबतीत कुणाचं ऐकू नकोस, अगदी आपल्या आईचंही. रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकू म्हणतील. घरी आपण तेच खात मोठ्या झालो. पण इथे भात रात्रभर फ्रिजबाहेर, उकाड्यात, झाकलेल्या टोपात पडलेला असतो. भातात असे जंतू असतात जे शिजवूनही पुरते मरत नाहीत, आणि उकाड्यात ते जे विष सोडतात ते परत गरम केल्याने जात नाही. कसारा घाटात वीस माणसांना उलट्या लागल्यावर ‘अन्न वाया घालवू नये’ म्हणणारी मावशी सापडत नाही. उरलं तर जेवणं उठल्या उठल्या गरम असतानाच आजूबाजूला वाटून टाक. आणि मुळात कमी शिजव. एक टोप संपत आला की दुसरा चढवायचा, दोन्ही एकदम नाहीत.

भांडी मंडपवाल्याकडून भाड्याने मिळतील. टोप, कढया, झारे उन्हात धरून बूड बघून घे, आणि यादीवर दोघांच्या सह्या. गॅस घरगुती लाल सिलिंडरवर चालवायचा बेत कुणी काढला तर सरळ नाही म्हण. ते बेकायदा आहे. व्यवसायाचा एकोणीस किलोचा घे, उभा बांध, आणि चालत्या टेम्पोत शेगडी पेटवायची नाही, चहासाठीसुद्धा नाही. पत्रावळी की स्टीलची ताटं, याचा एकच नियम करू नकोस. जिथे पाणी आहे तिथे ज्याने त्याने आपलं ताट घासावं. जिथे टँकर आपला तिथे पत्रावळी. थर्माकोलला २०१८ पासून बंदी आहे, ती नसती तरी मी नको म्हटलं असतं. हायवेच्या कडेला साईबाबांच्या फोटोखाली उष्ट्या प्लेटांचा ढीग बघितला की मला लाज वाटते. रिकामी पोती फेकू नकोस, त्यात कचरा भरून मोठ्या गावापर्यंत न्यायचा.

यादीत जे कुणी लिहीत नाही ते मी सांगते. सॅनिटरी पॅड, जुने सुती कपडे, एक हिरवं कापड आणि चार बांबू आडोशाला, दोन झाकणाच्या बादल्या. हे सामान तुझ्या ताब्यात असू दे, पुरुषांच्या टेम्पोत नको. पहाटे अंधारात हायवेवर चालणाऱ्या प्रत्येकाला चमकणारं जॅकेट, ते पैसे जेवणातून कापावे लागले तरी काप.

आणि बाई गं, तू कमिटीवर आहेस, आचारी नाहीस. पहिल्या दिवशी तू झारा हातात घेतलास की शिर्डीपर्यंत तो सुटणार नाही. पाळ्या लाव. भांडी घासायला पोरांच्या जोड्या, नावासकट, कागद टेम्पोवर चिकटवून. ढोल वाजवणारे हात पातेलंही घासू शकतात. जो गट रात्री आवरून टेम्पोबरोबर पुढे जाईल तो दुसऱ्या दिवशी चालणाऱ्यांत असेल. स्वयंपाकाच्या बायकांनी आठ दिवस टेम्पोतच बसून जायचं आणि पालखीचं दर्शन मात्र शिर्डीत घ्यायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

पैशाचं शेवटी सांगते, पण ते सगळ्यात आधी कर. पंढरीच्या वारीत दिंडीची भिशी असते ना, माणशी ठरलेली रक्कम आगाऊ, तसंच. निघायच्या पंधरा दिवस आधी ज्याचे पैसे जमा त्याचंच नाव यादीत, मग तो अध्यक्षांचा भाचा का असेना. उधारीवर किराणा आणायचा नाही. आपल्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं ऐकलंयस ना? गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालायच्या, पैसे पगाराला मिळायचे, तोवर वाण्याचं व्याज डोक्यावर. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे तो फास सुटला. शंभर माणसांना रांधणाऱ्या बाईला स्वयंपाक येतोच गं, अडते ती रोकड हातात नसल्यामुळे. तू स्वतःच्या पर्समधून एक रुपया घालू नकोस. ‘नंतर देतो’ म्हणणारे शिर्डीहून एसटीने परत येतात आणि मग गणपतीपर्यंत भेटत नाहीत.

पावत्या रोज रात्री वहीत चिकटव आणि खजिनदारांची सही त्याच रात्री घे, शिर्डीला पोचल्यावर नाही. काही शिल्लक राहिलीच तर ती मंडळाच्या खात्यात जायला हवी. परतीच्या गाडीत कुणी आइस्क्रीमची टूम काढेल. तेव्हा तुला नाही म्हणणं जड गेलं तर सांग, ताईने मना केलंय, आणि मला फोन लाव.