पॅरिसला निघालेल्या भाचीस

पुणे

चि. सई हिस,


मॉडेलिंग एजन्सीशी करार झाला आणि पुढच्या महिन्यात तू पॅरिसला निघतेस, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. हे काम तू निवडलंस, त्यात मान आहे आणि मेहनतही. पण हिपचं माप एका इंचाने उतरवायला सांगितलंय आणि त्यासाठी तू रात्रीचं जेवण सोडलंयस, हेही ती म्हणाली. म्हणून हे पत्र, मावशीचं आणि डॉक्टरचंही.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची मॉडेल लुईसेल रामोस माँटेव्हिडिओत फॅशन शो चालू असताना कोसळली आणि हृदय बंद पडून गेली. वय २२. त्याच नोव्हेंबरात ब्राझीलची आना कारोलिना रेस्तोन गेली. वय २१, वजन ४० किलोच्या आसपास. पुढच्या फेब्रुवारीत लुईसेलची धाकटी बहीण एलियाना गेली. तीही मॉडेलच, वय अवघं १८. तुला घाबरवायला हे सांगत नाही. या मुली तुझ्याच वयाच्या होत्या आणि ज्या धंद्यात तू पाऊल टाकते आहेस त्याच धंद्यात होत्या, म्हणून सांगते.

लुईसेल गेल्यावर माद्रिदच्या फॅशन वीकने १८ पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असलेल्या मुलींना रॅम्प बंद केला. इस्रायलने २०१२ मध्ये १८.५ ची अट कायद्यातच घातली. तू जातेस त्या फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याशिवाय काम देणाऱ्याला ७५,००० युरोंपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा तो दाखला नीट तपासणी करून घे. कुणी 'नुसती सही आणू' म्हणालं, तर ऐकू नकोस.

मात्र दाखला मिळाला की आपण ठणठणीत, असं समजू नकोस. तुझी उंची १७८ सेंटिमीटर. बीएमआय १८.५ च्या हिशेबाने तुझं वजन ५८.६ किलोच्या खाली जाता कामा नये. ही शेवटची पायरी आहे, गाठायचं ध्येय नव्हे. काट्यावर उभं राहण्याआधी लिटरभर पाणी प्यायलं की आकडा एका किलोने वाढतो. काटा फसतो, शरीर फसत नाही.

उपास लांबला की शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागतं, आणि हृदय हाही स्नायूच आहे. उलट्या काढल्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ठोके बिघडतात. ते कधीकधी एका क्षणात थांबतात. पोटात पुरेसं अन्न गेलं नाही की इस्ट्रोजेन घटतं आणि पाळी बंद होते. इस्ट्रोजेन घटल्याने हाडंही ठिसूळ होतात. विशीत हाडांची जी भर पडायची ती राहून गेली, तर पुढे वजन वाढवूनही पुरती भरून येईलच असं नाही. म्हणून पाळी चुकू लागली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, सतत थंडी वाजू लागली, केस गळू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठ. वजन कितीही 'बरोबर' असलं तरी.

आता पैशाचं. तिकडे एजन्सी बहुतेकदा विमानाचं तिकीट, खोलीचं भाडं आगाऊ भरते आणि मग तुझ्या कमाईतून कापून घेते. हे कर्ज डोक्यावर असलं की मुलीला 'नाही' म्हणणं जड जातं. म्हणून करारातली कपातीची कलमं वकिलाला दाखव. परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेव, त्यांना हात लावू नकोस. ते मी तुला देते आहे, आईला सांगितलंय.

तिथे स्वयंपाक करता येईल अशीच खोली माग. वरण-भात, अंडी, दूध, भाज्या, फळं रोज पोटात जाऊ देत. रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. आणि तिथे कुणी 'अजून एक इंच' म्हणालं, तर सरळ नकार दे आणि मला फोन कर, वेळ कोणतीही असो. तो शो दुसरीला मिळेल, मिळू दे. तो इंच उतरवून तू घरी आलीस तर मला अभिमान वाटणार नाही. नकार देऊन आलीस तर नक्की वाटेल.

तुझी,
मावशी