विधानांची पारख : विधेय तर्कशास्त्राची ओळख

कार्यालयाच्या फलकावर सूचना लागली : ‘सर्व अर्जदार पात्र नाहीत.’ ती वाचून एक तरुणी निराश होऊन घरी परतली. दुसरीने आत जाऊन यादी पाहिली. तीत तिचे नाव होते. सूचना एकच असताना दोन अर्थ कसे निघाले?

व्याकरणात ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगायचे ते विधेय होय. तर्कशास्त्रात ‘क्ष पात्र आहे’ ही रिकाम्या जागेची रचना विधेय दर्शवते. ती सत्य नसते, तशीच असत्यही नसते. क्षच्या जागी एखादे नाव घातले किंवा संख्यापक जोडला, की विधान तयार होते.

संख्यापक मुख्यतः दोन आहेत :

१. सार्वत्रिक : ‘प्रत्येक क्ष’. असे विधान खोटे ठरवण्यास एकच अपवाद पुरेसा असतो.

२. अस्तित्ववाचक : ‘किमान एक क्ष’. असे विधान खरे ठरवण्यास एकच उदाहरण पुरेसे असते.

आता नकार पाहू. ‘प्रत्येक अर्जदार पात्र आहे’ याचा नकार ‘एकही अर्जदार पात्र नाही’ असा होत नाही. तो ‘किमान एक अर्जदार पात्र नाही’ असा होतो. फलकावरील वाक्यात ‘नाहीत’ हा नकार संपूर्ण विधानाचा की प्रत्येक अर्जदाराच्या पात्रतेचा, हे स्पष्ट नव्हते. पहिल्या तरुणीने दुसरा अर्थ घेतला आणि तिची संधी हुकण्याची वेळ आली. ‘काही अर्जदार पात्र नाहीत, यादी पाहावी’ असे लिहिले असते, तर संदिग्धता उरली नसती.

‘सर्व’ आणि ‘काही’ यांवरील अनुमानांचा विचार प्राचीन ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने केला. संख्यापकांची आधुनिक मांडणी जर्मन गणिती गोटलोब फ्रेग यांनी १८७९ मध्ये केली. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहितीच्या तक्त्यांची जी रचना सुचवली, तिचा पायाही हेच शास्त्र आहे. संगणकाला ‘ज्यांनी एकही हप्ता भरलेला नाही असे सर्व खातेदार’ शोधायला सांगताना हेच नियम वापरले जातात.

कायदा, करार वा सूचना वाचताना ‘प्रत्येक’, ‘काही’ आणि ‘नाही’ हे शब्द थांबून वाचावेत. छोट्या शब्दांवर मोठे निर्णय अवलंबून असतात.

पाठगत प्रश्न

१. ‘प्रत्येक दुकान उघडे आहे’ या विधानाचा नकार लिहा.

२. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक आहे’ आणि ‘एकच मार्गदर्शक सर्व विद्यार्थ्यांना आहे’ यांतील फरक स्पष्ट करा.