घोरपड

बांधावर सळसळ होते. कोणीतरी ओरडते, "घोरपड! घोरपड!" पोरे काठ्या घेऊन धावतात. कुत्री भुंकू लागतात. एखादी घोरपड निसटते, एखादी मरते. ती का मारली, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज आपण तेच विचारू या.

घोरपड ही पाल आणि सरडा यांच्या गोतातली. पण अंगाने फार मोठी. शेपटीसकट ती पाच फुटांपर्यंत वाढते. रंग मातकट, कातडे खरखरीत, नख्या बळकट. जीभ सापासारखी दुभंगलेली. ती जीभ सारखी बाहेर काढून घोरपड वास घेते. जंगल, झुडपी रान, माळ, शेताचा बांध ही तिची जागा. बिळात किंवा झाडाच्या ढोलीत ती राहते.

१६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला. तेव्हा घोरपड दोर घेऊन कडा चढली, अशी गोष्ट लोक सांगतात. ती लोककथा असेल. पण तिच्या नख्यांची पकड मात्र खरी.

घोरपड किडे, भुंगेरे, खेकडे, उंदीर खाते. मेलेले जनावरही खाते. कधी कोंबडीची अंडी पळवते, हेही खरे. पण शेतातले उंदीर नि किडे तीच कमी करते. खुराड्याला जाळी लावा. अंडी वाचतील अन् घोरपडही वाचेल.

लोक म्हणतात, घोरपड थुंकली तरी माणूस मरतो. हे खोटे आहे. ती आपणहून अंगावर येत नाही. कोंडली तर फुसफुसते, शेपटीचा फटका मारते, चावतेही. चावली तर जखम साबणाने धुवावी आणि दवाखान्यात जावे.

बाजारात कोणी बाटली दाखवतो. म्हणतो, "घोरपडीचे तेल लावा, गुडघे दुखायचे थांबतील." त्याला काही पुरावा नाही. पैसे जातात, जनावर जाते, दुखणे तसेच राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड वाघाबरोबर पहिल्या यादीत आहे. तिला मारणे, पकडणे, तिचे मांस किंवा तेल विकणे हा गुन्हा आहे. त्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि निदान २५,००० रुपये दंड होतो. एका वेळच्या कालवणापायी घर उघड्यावर पडायचे!

घोरपड घरात शिरली तर दार उघडे ठेवा. कुत्रे बांधा, मुलांना दूर न्या. वाट मिळाली की ती आपोआप जाते. नाहीच गेली तर वनरक्षकाला कळवा.

पुन्हा बांधावर ओरड झाली, तर पोरांना हाक मारू या. म्हणू या, "बाळांनो, काठी खाली ठेवा. तिला जाऊ द्या."