फ्लँजचा सांधा : बोल्ट आवळण्याची योग्य रीत

तिळारी हा महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प असून त्याविषयीचा करार १९९० साली झाला. त्याच्या कालव्यांचे पाणी पेडणे, डिचोली व बार्देश या तालुक्यांच्या उपयोगी पडते; पेडण्यातील चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पालाही ते मिळते. धरण, कालवा, शुद्धीकरण हे सर्व यथास्थित असूनही पंपघरातील एक सांधा सुटला, तर गावातील नळ कोरडे राहतात.

जमिनीत पुरलेल्या नळांना बहुधा सॉकेटचे सांधे असतात. पंप, व्हॉल्व्ह अशी जी सामग्री वेळोवेळी उघडावी लागते, तिला फ्लँज बसवितात. दोन फ्लँजांमध्ये रबराचे गॅस्केट ठेवून भोवतालचे बोल्ट आवळले जातात. बोल्ट पाणी अडवितो अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. पाणी अडविते ते दाबले गेलेले गॅस्केट. बोल्टाचे काम स्प्रिंगचे आहे : आवळताना तो किंचित ताणला जातो आणि आखडू पाहताना फ्लँजांना एकत्र धरून ठेवतो.

हा जोर किती लागतो ते पाहावे. १५० मि.मी. व्यासाच्या नळाचे छेदक्षेत्र सुमारे १७७ चौ.सें.मी. भरते. पाण्याचा दाब ६० मीटर उंचीइतका, म्हणजे दर चौ.सें.मी.ला ६ किलो असला, तर फ्लँज दूर लोटणारा जोर एक हजार किलोंहून अधिक होतो. अशा फ्लँजला सामान्यतः ८ बोल्ट असतात. हा भार सर्वांनी सारखा उचलला पाहिजे, शिवाय गॅस्केट दाबून ठेवण्यास वेगळा जोर शिल्लक राहिला पाहिजे.

येथेच घाई नडते. एक बोल्ट पुरता आवळून मग शेजारचा घेतला, तर गॅस्केट एका बाजूस चेपते व दुसरीकडे फट राहते. बिडाचा फ्लँज असेल तर तो तडकतोही, कारण बीड वाकत नाही. म्हणून बोल्टांना वर्तुळाच्या क्रमाने १ ते ८ असे खडूने आकडे घालावेत व १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ असे समोरासमोर जावे. पहिल्या फेरीत ठरलेल्या जोराच्या सुमारे तीस टक्के, दुसरीत साठ-सत्तर टक्के व तिसरीत पूर्ण जोर लावावा. नंतर ओळीने एक फेरी घ्यावी. एक बोल्ट आवळला की शेजारचा सैल पडतो, तेव्हा एकही नट हलेनासा होईपर्यंत ती चालू ठेवावी. पान्याच्या दांड्यात नळाचा तुकडा घालून जोर वाढविण्याची सवय मात्र सोडलेली बरी.

पान्याला लावलेल्या श्रमाचा फार थोडा भाग, साधारणपणे दहावा हिस्सा, बोल्ट ताणण्यात खर्च होतो. बाकीचा नटाखालच्या व आट्यांतील घर्षणात जातो. गंजलेला बोल्ट त्यामुळे हाताला घट्ट लागतो, प्रत्यक्षात ढिलाच असतो. कोकणातील दमट हवेत व चार महिन्यांच्या पावसात व्हॉल्व्हच्या चेंबरमधील बोल्टांची ही गत लवकर होते. आटे ब्रशने स्वच्छ करून तेल लावावे, खराब झालेले बोल्ट बदलावेत. जुने गॅस्केट पुन्हा घालू नये. नळ एका रेषेत नसतील तर ते प्रथम आधार देऊन जुळवावेत. वाकडेपणा बोल्टांनी ओढून काढल्यास तो ताण सांध्यातच राहतो.

थेंब थेंब गळणाऱ्या सांध्याकडे पाणी वाया जाते एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. परंतु पंप बंद होऊन नळातील दाब उतरला की चेंबरमध्ये साचलेले गढूळ पाणी त्याच फटीतून आत ओढले जाण्याचा संभव असतो, आणि पंप सुरू होताच ते घरोघर पोहोचते. पावसाळ्यात चेंबर भरलेले आढळल्यास गावकऱ्यांनी स्वतः पाना न लावता संबंधित कार्यालयास कळवावे.

रबर काही तासांत थोडे बसते. म्हणून पाणी सोडण्यापूर्वी, किमान चार तासांनी, शेवटची फेरी पुन्हा घ्यावी. नळात दाब असताना गळणारा बोल्ट आवळण्यास कोणीही हात घालू नये. पंप थांबवून व दाब उतरवूनच ते काम करावे.