गिटारसाठी विवर्धक घेताना



नाताळ आटोपला की वसईच्या पापडी, गास, नंदाखाल, उमराळे या गावांत लग्नांचा मोसम सुरू होतो आणि मांडवात बँड हा हवाच असतो. गणपती-नवरात्रात विरार-नालासोपाऱ्याच्या मंडपांत, शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गिटार घेतलेला कोणीतरी दिसतोच. दहावी-बारावीची चार मुले मिळून आपलाही बँड काढायचे ठरवतात, तेव्हा गिटार कोणाकडे तरी असते. अडते ते विवर्धकापाशी, म्हणजे वादक ज्याला नुसते ‘ॲम्प’ म्हणतात त्यापाशी. पैसे मोजके असतात. दुकानदार विचारतो, “किती वॅटचा हवा?” आणि मुले एका सुरात सांगतात, “जास्तीत जास्त!”

हे उत्तर बरोबर आहे का? ते पाहण्यासाठी तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले दोन-तीन धडे पुरेसे आहेत.

तारेपासून सुरुवात

विद्युत् गिटारच्या पोलादी तारांखाली ‘पिकप’ असतो. पिकप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वर तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युत् दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा दाब फार थोडा, सुमारे एक दशांश व्होल्ट इतकाच असतो. तो वाढवून स्पीकर हलवण्याजोगा करणे हे विवर्धकाचे काम.

गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२ असते. सर्वांत बारीक तार अगदी वरच्या पडद्यावर दाबली तरी मूळ स्वर १२०० ते १३०० च्या पुढे जात नाही. पण कोणतीही तार एकच स्वर देत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही तिच्यातून निघतात. तंबोऱ्याची जवारी लावताना गवई कान देऊन ऐकतात ते हेच उपस्वर. गिटारचा आवाज गोड लागतो की कर्कश, हे पुष्कळसे या उपस्वरांचे पुढे काय होते यावर ठरते.

लाऊडस्पीकरच्या पेटीत गिटार का लावू नये?

पुष्कळ मुले आधी गिटारची वायर मांडवातल्या लाऊडस्पीकरच्या विवर्धकात सरळ खुपसून पाहतात. आवाज येतो, पण मेलेला. कारण समजून घेण्यासारखे आहे.

पिकपचे वेटोळे साध्या रोधासारखे वागत नाही. कंपनसंख्या वाढते तसा त्याचा विरोध वाढत जातो. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व २.५ हेन्री धरले, तर १०० कंपनांना या वाढीव विरोधाचे मूल्य सुमारे १,६०० ओहम येते आणि ३,००० कंपनांना सुमारे ४७,००० ओहम. यात तारेचा स्वतःचा सुमारे ६,००० ओहम रोध असतोच. आता समोरच्या यंत्राचा प्रवेशरोध १०,००० ओहम असेल, तर १०० कंपनांच्या आवाजाचा सुमारे तीन पंचमांश भाग आत पोचतो, पण ३,००० कंपनांचा जेमतेम एक पंचमांश. वरचे उपस्वर दारातच अडले! गिटारच्या विवर्धकाचा प्रवेशरोध म्हणूनच सुमारे १० लाख ओहम ठेवलेला असतो. तेथे वेटोळ्याचा विरोध नगण्य ठरतो.

स्पीकरही निराळा असतो. घरातल्या संगीतसंचाचा स्पीकर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज देण्यासाठी बनवतात. गिटारचा १२ इंची स्पीकर ५,००० च्या पुढे झपाट्याने मंद होतो. हा दोष नव्हे. ती एक चाळणी आहे आणि गिटारचा आवाज भरीव लागण्यात तिचा मोठा वाटा आहे.

स्वच्छ म्हणजे काय?

तार छेडताच क्षणभर आवाजाचा मोठा झटका येतो आणि मग तो उतरत जातो. सरासरी दोन वॅट पुरत असतील, तर त्या झटक्याला त्याच्या दहापट, म्हणजे वीस वॅट लागू शकतात. विवर्धकाजवळ तेवढी शक्ती नसेल तर तरंगाचा माथा कापला जातो. डोंगराचे शिखर छाटून पठार करावे तसा. या छाटणीतून मुळात नसलेले उपस्वर तयार होतात. रॉक संगीतात ते मुद्दाम हवे असतात. पण लग्नात संथ गाण्याची साथ करायची असेल, तर स्वर न फुटता भरीव यायला हवा. म्हणून वॅट थोडे शिलकीत असावे लागतात, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, किती?

वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. आपला कान गुणोत्तराने ऐकतो. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते आणि हा फरक कानाला कळतो न कळतो असा असतो. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दसपट शक्ती लागते. २० वॅटऐवजी ४० वॅटचा विवर्धक घेणाऱ्याने नेमके काय विकत घेतले, याचा विचार करा.

जाहिरातीत ज्याची चर्चा होत नाही असा एक आकडा मात्र पाहण्यासारखा आहे. तो स्पीकरच्या संवेदनशीलतेचा. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो, हे तो सांगतो. गिटारच्या चांगल्या स्पीकरचा हा आकडा ९८ ते १०० असतो. स्वस्त स्पीकर ९४ वरही अडतो. ९४ डेसिबेलच्या स्पीकरला १०० वॅट दिले तर ९४ अधिक २०, म्हणजे ११४ डेसिबेल. १०० डेसिबेलच्या स्पीकरला २५ वॅट दिले तर १०० अधिक १४, म्हणजे तेवढेच ११४! चौपट वॅटचे काम स्पीकरनेच केले. मला विचाराल तर मोजक्या पैशांतला मोठा वाटा स्पीकरवर जावा आणि तो १२ इंची, निदान १० इंची असावा. सहा इंची कागदी शंकूला ८२ कंपनांचा जाड स्वर पेलत नाही.

खोक्यावरचा वॅटचा आकडा कोणता, हेही विचारा. ‘पी. एम. पी. ओ.’ म्हणून छापलेले शेकड्यांतले आकडे सोडून द्या. ‘आर. एम. एस.’ म्हणून दिलेला, सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडाच खरा.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने घटतो. वरचे ११४ डेसिबेल आठ मीटरवर ९६ उरतात. शेजारी बसून बोलण्याचा आवाज सुमारे ६० डेसिबेल असतो, हे ध्यानात घेतले तर लहान सभागृहाला हे भरपूर झाले. मैदान मोठे असेल तर विवर्धकाने मैदान भरायचेच नसते. त्याच्यासमोर मायक्रोफोन ठेवायचा आणि मांडवाच्या लाऊडस्पीकरला ते काम करू द्यायचे. आणि रात्री दहानंतर, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, खास परवानगीवाचून ध्वनिवर्धक लावताच येत नाही. मग वॅट कितीही असोत.

ऊब कोठून येते?

वादक ज्याला ‘वॉर्म’ आवाज म्हणतात तो निर्वात नलिकांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या विवर्धकातूनच मिळतो, असे तुम्हांला कोणीतरी नक्की सांगेल. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच.

गिटारचे पहिले विवर्धक रेडिओच्या तंत्रातून आले. अमेरिकेतल्या फुलर्टन गावी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढणाऱ्या लिओ फेंडरने पुढे जगभर गाजलेले विवर्धक बनवले. गंमत अशी की, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे! व्हॉल्व्ह मर्यादेपर्यंत पोचला की तरंगाचा माथा हळूहळू गोलसर दबतो. ट्रँझिस्टर तो एकदम छाटतो. शिवाय व्हॉल्व्हच्या काही मंडलांत तरंगाची वरची आणि खालची बाजू सारखी दबत नाही आणि त्यामुळे दुप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर येतात. मूळ स्वर सा धरला तर दुप्पट म्हणजे वरचा सा आणि चौपट म्हणजे त्याच्याही वरचा सा. ते मूळ स्वरात मिसळून जातात. दोन्ही बाजू सारख्याच छाटल्या तर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम उपस्वर येतात. तिसरा पंचमावर आणि पाचवा गंधारावर पडतो, म्हणजे तेही सुरेलच. सातवा मात्र कोमल निषादाच्याही थोडा खाली, कोणत्याच पट्टीत न बसणारा असतो.

पण हे सारे घडते ते विवर्धक मर्यादेजवळ आल्यावर. आपल्याला तर स्वच्छ आवाज हवा आहे, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत राहायचे आहे. तेथे दोन्हींतला फरक पुष्कळ कमी होतो. मग ऊब ठरते ती पिकप, स्पीकर, पेटी आणि खर्ज-तीव्रतेची बटणे यांवर. जपानच्या रोलंड कंपनीचा ‘जॅझ कोरस’ हा १९७५ साली आलेला विवर्धक पूर्णपणे ट्रँझिस्टरचा आहे आणि तो नावाजला गेला तो स्वच्छ आवाजासाठीच. जो पास या थोर जॅझ वादकाने पॉलिटोन कंपनीचे ट्रँझिस्टरचे विवर्धक वापरले. तेव्हा खिसा हलका असेल तर व्हॉल्व्हचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. तेवढ्याच वॅटचा व्हॉल्व्हचा विवर्धक बराच महाग पडतो, व्हॉल्व्ह झिजतात, आणि वजन निराळेच. फेंडरच्या ‘ट्विन रिव्हर्ब’चे वजन २९ किलोच्या आसपास आहे. ते धूड घेऊन संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढून दाखवा!

निवड करताना

दुकानात आपलीच गिटार न्या. सारी बटणे मध्यावर ठेवा, मांडवात लागेल तेवढा आवाज करा आणि जाड तार जोराने छेडा. मग सहाही तारा एकदम छेडा. स्वर फाटतो का, पेटी खडखडते का, ते ऐका. ऐकायचे ते चार पावले दूर जाऊन आणि कान स्पीकरच्या समोर आणून. ३,००० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर, तर शंकूचा व्यास ३० सेंटिमीटर. त्यामुळे हे स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात आणि जमिनीवरच्या स्पीकरपुढे उभ्या असलेल्या वादकाच्या गुडघ्यांना ऐकू येतात. बिचारा तीव्रतेचे बटण वाढवत जातो आणि पहिल्या रांगेतले पाहुणे कानांवर हात ठेवतात. पेटी मागे कलती ठेवली की हा घोटाळा मिटतो.

वापरलेला विवर्धक स्वस्तात मिळत असेल तर जरूर पाहा. प्रत्येक बटण फिरवून खरखर येते का बघा. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आतले धातूचे स्पर्श लवकर गंजतात. जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने अमेरिकेहून आणला असेल, तर आधी मागची पट्टी वाचा. तेथील वीज १२० व्होल्टची आणि आपली २३०. योग्य रोहित्राशिवाय जोडला तर त्याच क्षणी पैसे वाया. व्हॉल्व्हचा विवर्धक मात्र घरी उघडू नका. आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही धारित्रांत विद्युत् भार साठलेला राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. गिटारच्या तारा वायरीमार्फत विवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाड्याला अर्थिंग नसेल आणि आत बिघाड झाला, तर २३० व्होल्ट थेट बोटांखाली येतात. अशा वेळी ओठ मायक्रोफोनला लागले की प्रवाह शरीरातून जातो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वॉन्झी येथे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. गुणगुण थांबावी म्हणून प्लगचा तिसरा, जाड पाय तोडणारे लोक मांडवामांडवांत भेटतात. त्यांना तसे करू देऊ नका. ५० कंपनांची ती गुणगुण बहुधा पिकपच पकडतो. गिटार घेऊन जागच्या जागी वळून पाहा. एका दिशेला ती कमी होईल. दुहेरी वेटोळ्याच्या पिकपमध्ये ती जवळजवळ नाहीशी होते. गिटार, मायक्रोफोन, कीबोर्ड यांना एकाच, अर्थिंग असलेल्या ठिकाणाहून वीज घ्या आणि मांडवाच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच आहे का, हे मंडपवाल्याला विचारा. बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटले तर वादन तेथेच थांबवा आणि गिटारला हात न लावता आधी मुख्य स्विच बंद करायला लावा.

करून पाहा: पहिला विवर्धक ४० वॅटचा, स्पीकरची संवेदनशीलता ९४ डेसिबेल. दुसरा २० वॅटचा, संवेदनशीलता १०० डेसिबेल. उघड्या अंगणात आठ मीटरवर कोणाचा आवाज मोठा येईल आणि कितीने? शक्ती दसपट म्हणजे १० डेसिबेल, दुप्पट म्हणजे ३ डेसिबेल, एवढेच वापरा. उत्तर: पहिल्याचा ९२, दुसऱ्याचा ९५ डेसिबेल.